फटीतला शब्द

डिचोलीच्या बाजारात सगुण गावसांना ओळखणारी माणसं दोन तऱ्हेची. काहींना ते मुळगावच्या खाणीवर वजनकाट्याच्या खिडकीत सत्तावीस वर्षं बसलेले कारकून म्हणून आठवतात. काहींना ते ‘काटेकर’ म्हणून ठाऊक. पणजीहून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत, अगदी शेवटच्या पानावर, काटेकरांचं गूढ शब्दकोडं यायचं. ‘कमळाला दुसरा शब्द’ असलं साधं कोडं ते नव्हे. त्यातलं प्रत्येक सूत्र म्हणजे एक चकवा. वाचणाऱ्याला वाटावं एक आणि निघावं भलतंच.

ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. खाणीचे एक साहेब इंग्रजी पेपर आणत आणि त्यातलं कोडं निम्मं सोडवून टाकून देत. सगुणबाब तो पेपर उचलत, दुसऱ्या दिवशी छापलेली उत्तरं आदल्या दिवशीच्या सूत्रांशी ताडून बघत, आणि हे उत्तर या वाक्यातून आलंच कसं याचा विचार करत बसत. दोन वर्षं त्यात गेली. मग मनात आलं, हे मराठीत का करू नये? पुरवणीचं काम पाहणाऱ्या कृष्णनाथबाबांना त्यांनी एक कोडं करून पाठवलं. ते छापून आलं, आणि मग दर रविवारी येतच राहिलं. गोव्यात हे आपल्याएवढं कुणाला जमत नाही, असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मनाशी ते धरून होते. मिरवावं असं दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं.

रामचंद्र धुरी त्या खिडकीशी पहिल्यांदा आला तो २०१० च्या खाणीच्या हंगामात. माणूस गोव्याच्या सीमेबाहेर, दोडामार्गापलीकडच्या मणेरीचा. दुसऱ्याच्या मालकीचा ट्रक चालवायचा, मुळगावात तिघांत मिळून एका खोलीत राहायचा, शनिवारी जमलं तर घरी जाऊन यायचा. चाळिशीचा, सडपातळ, सातवीपर्यंत शिकलेला, बोलण्यात कमी. खनिज भरलेले ट्रक काट्यावर चढायला रांगेत उभे राहत आणि रांग कधीकधी तास तास हलत नसे. बाकीचे ड्रायव्हर तंबाखू मळत, फोनवर गाणी लावत. रामचंद्र हाताला लागेल ते वाचायचा. एका सोमवारी पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, पाव ज्यात गुंडाळून दिले होते ती पुरवणीच त्याने वाचली, आणि ट्रक काट्यावर आल्यावर खिडकीतून आत सरकवली.

“सगुणबाब, ह्यां काय लिवलाहा? ‘नेहमी उलटा वागणारा नोकर.’ नोकर कशाक उलटो वागात?”

ते कोडं आपलंच आहे हे सगुणबाबांनी लगेच सांगितलं नाही. मागे रांग होती, तरी त्यांना राहवलं नाही.

“नोकराला विसर. वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही, शब्दांवर ठेवायचा. प्रत्येक सूत्राला दोन टोकं असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्या टोकाला ते उत्तर बनवायची कृती. दोन्ही अशी शिवायची की मधला सांधा दिसता कामा नये. इथे सरळ अर्थ ‘नोकर’. मग उरलं काय?”

“नेहमी. आणि उलटा.”

“बरोबर. कंसात दोन लिहिलंय, म्हणजे दोन अक्षरं. नेहमी म्हणजे काय, दोन अक्षरांत?”

मागच्या ट्रकने हॉर्न धरला. रामचंद्र पावती घेऊन जेटीकडे गेला. दोन तासांनी रिकामा ट्रक घेऊन परत आला तेव्हा खिडकीत वाकून, जणू घरात मूल झाल्याची बातमी सांगावी तसा, हळूच म्हणाला, “सदा. उलटो केलो की दास.”

तेव्हापासून तो रोज काहीतरी विचारू लागला. सगुणबाबही हौसेने सांगत. शब्दांतली अक्षरं विस्कटून दुसरा शब्द कसा करायचा, ‘राग’सारखा एकच शब्द गाण्यातही आणि भांडणातही कसा चालतो, दोन छोटे शब्द जोडून तिसरा कसा उभा राहतो, आणि लांब वाक्याच्या पोटात उत्तर अक्षरं न हलवता जसंच्या तसं कसं लपवून ठेवता येतं. वीस वर्षं त्यांनी हे एकट्याने केलं होतं. घरी बायकोला, चंद्रावतीला, कोड्यांत गोडी नव्हती. समोरच्याच्या डोळ्यांत ते कळल्याचं बघणं ही चैन त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. तो डिचोलीला सामान घ्यायला आला की संध्याकाळी त्यांच्या दारातही यायचा. बाहेरच्या बांकावर बसायचा. चंद्रावती त्याला चहा द्यायची.

मग एक दिवस वजनाची पावती हातात घेताना तो म्हणाला, “मी एक केलंय. बगा जमता काय. ‘पावामागून ती आली, खिडकीतून मिळाली.’ अक्षरां तीन.”

सगुणबाबांनी त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. पाव आणि मागून ती. पावती.

“बेश्ट,” ते म्हणाले. आणि ते खरंच होतं.

पुढच्या हंगामात तर रामचंद्रकडून आठवड्याला दोन-तीन सूत्रं येऊ लागली. एकदा तो चार दिवस गावी जाऊन आला. सुपारीच्या बागेतल्या पाटाच्या पाण्यावरून थोरल्या भावाशी त्याचा वाद झाला होता. आईने अन्न सोडलं होतं. शेवटी रामचंद्रच भावाच्या उंबऱ्यावर गेला आणि माझं चुकलं म्हणाला. त्या दिवशी आई जेवली. हे सगळं त्याने खिडकीशी उभं राहून दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाला, “येताना गाडयेत सुचला. ‘भांडण मागे घेतलं तर औषध.’ अक्षरां दोन.”

वाद. मागून वाचला की दवा.

सगुणबाब हसले नाहीत. ‘बरं आहे’ म्हणाले आणि पुढचा ट्रक बोलावला. हे सूत्र आपल्याला का सुचलं नाही, हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्या मनात पहिल्यांदा आला, आणि मग तो जाईना. वाद आणि दवा हे शब्द ते जन्मभर बोलत होते.

२०१२ च्या पावसाआधी कृष्णनाथबाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ते म्हणाले, “सगुणबाब, राग मानू नका. वाचकांची पत्रं येतात, काटेकरांच्या खोड्या आता पाठ झाल्या म्हणतात. एखादा नवा कोण तुमच्या बघण्यात आहे? एक रविवार तुमचा, एक त्याचा. तुमच्यावरचा भारही हलका होईल.”

“बघतो,” सगुणबाब म्हणाले.

नेमक्या त्याच आठवड्यात रामचंद्रने शंभर पानी वही आणून दिली. आत शाळकरी, गोल अक्षरात बेचाळीस सूत्रं होती. शेवटच्या दोन पानांवर पट्टीने आखलेल्या चौकटी होत्या, काळी घरं दोन्ही अंगांनी सारखी, जशी हवीत तशी. “तुमच्या त्या साहेबांका दाखवश्यात? छापूक नको. बरां की वायट, तेवढांच सांगूंदे,” तो म्हणाला.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सगुणबाबांनी वही उघडली. पहिल्या पानावर होतं: ‘काळजी? ती होती दोन दिवसांपूर्वी (३).’ परवा. दुसऱ्यावर: ‘वेल उलटून धरते ठेका (२).’ लता, आणि ताल. चुका शोधायला म्हणून त्यांनी हातात लाल पेन घेतलं होतं. अकराव्या सूत्रापाशी ते थांबले.

‘चुका गदगदून सांगितल्या, आत लिहायला जागा मिळाली (३).’

मुद्दाम हळू वाचूनही त्यांना ते चटकन सुटलं नाही. एखादा माणूस रडत रडत काहीतरी कबूल करतोय असंच चित्र डोळ्यांसमोर उभं राहत होतं. मग दिसलं. ‘चुका’चा शेवट आणि ‘गदगदून’ची सुरुवात. कागद. एक अक्षर हललेलं नाही, एक शब्द फुकट गेलेला नाही, आणि वाक्य इतकं खरं की त्यात काही लपलंय अशी शंकाही येऊ नये. असं सूत्र त्यांच्या हातून कधी उतरलं नव्हतं आणि उतरणारही नव्हतं. लाल पेनाचं टोपण न काढताच त्यांनी वही कपाटात ठेवली, कपड्यांखाली.

तीन आठवडे रामचंद्रने काही विचारलं नाही. खिडकीशी आला की नुसता थोडा जास्त वेळ थांबायचा. शेवटी सगुणबाबच बोलले.

“कृष्णनाथबाबांनी पाहिली वही.”

रामचंद्र खिडकीशी आणखी पुढे झाला.

“म्हणाले, मेहनत आहे. पण नियमात बसत नाहीत. छापण्यासारखं काही नाही.” आणि तो विचारायच्या आधीच त्यांनी पुढे जोडलं, “आता हेच बघ, ‘चुका गदगदून’. कागद अर्धा एका शब्दात, अर्धा दुसऱ्या शब्दात. दोन शब्दांच्या फटीत उत्तर लपवायचं नसतं. अख्खं एकाच शब्दाच्या पोटात हवं.”

“पण तुमीच एकदा...” रामचंद्रने आठवून बघितलं. “गेल्या दिवाळेक. तुमच्या कोड्यात फटीतच व्हता.”

ते सगुणबाबांना आठवलं. पण तोंडातून शब्द निघाले ते शांतपणे. “ते वेगळं. ते तुला इतक्यात कळायचं नाही. भाषेचा पाया लागतो रे त्याला. शाळा थोडी जास्त झाली असती तर...”

“होय,” रामचंद्र म्हणाला. “तां खरां.”

त्याने पावती घेतली, घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि ट्रक काट्यावरून उतरवला. त्यानंतर त्याने एकही सूत्र आणलं नाही. सप्टेंबरात सरकारी आदेशाने खाणी बंद झाल्या. मालकाने ट्रक अंगणात उभा केला तो केलाच. मणेरीला जायच्या आधी रामचंद्र एकदा डिचोलीला घरी येऊन गेला. वहीची आठवण सगुणबाबांनीच काढली, तर तो म्हणाला, “रवांदे तुमच्याकडेच. माझ्या काय कामाची?” चंद्रावतीने दिलेला चहा त्याने उभ्याउभ्याच प्यायला.

कृष्णनाथबाबांना सगुणबाबांनी कळवलं, नवा कुणी सापडत नाही. रविवार त्यांचेच राहिले.

वर्षं गेली. खाणी मध्ये चालू झाल्या, परत बंद पडल्या. सगुणबाब निवृत्त झाले. कोडं करणं मात्र सुटलं नाही. पण आता बसल्या जागी शब्द हलत नसत. तीच उलटापालट, तीच दोन अर्थांची ओढाताण. एका पावसाळ्यात त्यांना आठ दिवस ताप आला, शुक्रवार उजाडला तरी चौकटीतली चार घरं रिकामी होती, आणि त्यांनी कपाटातली वही काढली. एकच घेऊ, असं ठरवून एकच घेतलं.

रविवारी दुपारी कृष्णनाथबाबांचा फोन आला. “सगुणबाब, ‘चुका गदगदून’! कसं हो सुचलं? सकाळपासून तीन माणसांनी फोन केला मला.”

त्या एका वाक्यावर त्यांना खरं सांगता आलं असतं. ते हसून ‘सुचलं आपलं’ म्हणाले. नंतरच्या रविवारी दुसरं घेतलं. वर्षभरात वही संपली, त्यात ‘भांडण मागे घेतलं’ हेही आलं. फटीत शब्द लपवलेली पाच सूत्रं तिच्यात होती, ती पाचही छापून झाली. काटेकर पुन्हा तरुण झाले, असं एका वाचकाने पत्रात लिहिलं.

दैनिकाच्या वर्धापनदिनाला पणजीत सत्कार झाला. शाल, श्रीफळ, चार शब्द. चंद्रावती नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. श्रोत्यांतून एका मुलीने उठून विचारलं, “‘भांडण मागे घेतलं तर औषध’ हे मला फार आवडलं. हे कसं सुचतं?”

सगुणबाबांनी मायक्रोफोन जवळ घेतला. “बायकोशी भांडण झालं होतं,” ते म्हणाले. “दोन दिवस घरात कुणी जेवलं नाही. शेवटी मीच माघार घेतली, आणि ताटावर बसल्या बसल्या सूत्र हजर!”

सभागृह हसलं, टाळ्या झाल्या. चंद्रावतीही हसली, लोक तिच्याकडे बघत होते म्हणून.

घरी आल्यावर तिने शाल घडी मोडू न देता कपाटात ठेवली आणि तिथूनच विचारलं, “आपण कधी भांडलो हो असं?”

“लोकांना बरं वाटतं असं काही सांगितलं की.”

“तो मणेरीचा ड्रायव्हर सांगत होता. भावाशी भांडण, आणि आईने जेवण सोडलेलं. तुम्ही आंघोळीला गेला होता, तेव्हा मलाच सांगितलं त्याने, बाहेर बांकावर बसून.” ती वळली. तिच्या हातात वही होती. “हे अक्षर तुमचं नाही.”

सगुणबाब खुर्चीत बसले. त्यांना वाटलं ती रागावेल, चार शब्द बोलेल, मग आपल्यालाही काही बोलता येईल. ती नुसती म्हणाली, “किती खूश असायचा तो इथून जाताना.” आणि स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतरच्या बुधवारी सगुणबाब दोडामार्गाच्या बसमध्ये बसले. पिशवीत वही होती आणि छापून आलेल्या कोड्यांची कात्रणं. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तीनदा ठरवलं. रामचंद्रला सगळं कळलेलं असणार हे ते गृहीत धरूनच चालले होते. पेपर सीमेपलीकडेही जातो. आपलीच सूत्रं दुसऱ्याच्या नावाने वाचून त्याने काय म्हटलं असेल, कुणाकुणाला दाखवलं असेल? तो दारातूनच परतवून लावील, याचीही त्यांनी तयारी केली होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात काजूच्या बिया उन्हात पसरल्या होत्या. एक तिशीची मुलगी बाहेर आली. सगुणबाबांनी नाव सांगितलं तसा तिचा चेहरा खुलला.

“काट्यावरचे सगुणबाब? या ना, आत या. मी मनीषा. बाबा तुमचं नाव घेतात नेहमी. एवढा मोठा माणूस, पण आपल्यासारख्याला शिकवायला बसायचा, म्हणतात.”

सगुणबाब पायरीशीच थांबले. “पेपर येतो तुमच्याकडे? रविवारचा?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. पूर्वी मी आणायचे. बाबांनी बंद करायला लावला. डोळे दुखतात म्हणतात.”

रामचंद्र मागच्या दाराने आला. केस पांढरे झाले होते, गुडघ्यामुळे एका पायाने लंगडत होता. सगुणबाबांना बघून त्याने दोन्ही हात जोडले, खुर्ची पुसून दिली, मनीषाला चहा टाकायला सांगितलं. चंद्रावतीची चौकशी केली. यंदा रानातले हत्ती खाली उतरले आणि शेजाऱ्याची केळी मोडून गेले, ते सांगितलं. इतकं सगळं बोलून झाल्यावर सगुणबाबांनी पिशवीतून वही काढून त्याच्यासमोर ठेवली आणि तिच्यावर कात्रणं ठेवली.

रामचंद्रने चष्मा लावला. पहिलं कात्रण त्याने बराच वेळ वाचलं. मग वही उघडून अकरावं सूत्र काढलं, आणि बोट कागदावर ठेवून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

“ह्यां छापला?”

“होय.”

“कोणाच्या नावान?”

“माझ्या.”

त्याने दुसरं कात्रण घेतलं, तिसरं घेतलं. चहा आला, तो तसाच राहिला.

“म्हणजे बसत व्हती,” रामचंद्र शेवटी म्हणाला. “नियमात.”

“सगळी. बेचाळीसच्या बेचाळीस.”

“आणि ती फटीची गजाल?”

“तसा नियम नाही रे. मी तेव्हाच तोंडाला आलं ते बोललो. वही मी कृष्णनाथबाबांना दाखवलीच नव्हती. त्यांना दुसरा माणूस हवा होता, एक रविवार आड. तुला दिला असता त्यांनी. मला ते सोसलं नसतं.”

रामचंद्रच्या चेहऱ्यावर राग कधी येतो याची सगुणबाब वाट बघत होते. तो आला नाही. त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बाहेर बियांकडे बघत तो हळूहळू बोलू लागला.

“मी समाजलंय, माका येणा नाय. तुमी सांगलात म्हणजे तसांच आसताला. मगे गावाक इलंय. दुसऱ्याची जीप चालवी. गाडी चालवताना शब्द येयत. बोर्ड वाचलंय काय तेच्यात दुसरो शब्द दिसा. कोण बोललो काय त्यातसून निघा. आणि मी हाकलून लावी. कुत्र्याक हाकलतंव ना, तशे. आपणाक जमणा नाय तां कित्याक करूचा? वरीसभर येत रवले. मगे येवचे बंद झाले.”

“आता करता येईल,” सगुणबाब घाईने म्हणाले. “मी कृष्णनाथबाबांना सगळं लिहून देतो. तुझं नाव छापतील. पुढचे रविवार तुझे. मी चौकटी आखून देईन, तू नुसती सूत्रं...”

“खंयसून हाडू?” रामचंद्रने विचारलं. कुठून आणू, हे तो खरंच विचारत होता. “सगुणबाब, आता मी बोर्ड वाचतंय तर फक्त बोर्डच दिसता.”

बारा वर्षांपूर्वी एका दुपारी लाल पेन हातात घेऊन आपण काय मोडलं, ते त्यांना तिथे त्या खुर्चीत बसून समजलं. चोरी परत करता येते, हे धरून ते आले होते.

“भावाच्या भांडणाचां सूत्रय छापलात?” रामचंद्रने वही मिटत विचारलं.

“हो.”

“कोणी काय इचारला तेच्याबद्दल?”

सगुणबाबांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी सत्काराची सगळी हकीकत सांगितली, बायकोशी भांडण झालं म्हणाल्याचीसुद्धा. रामचंद्रने मान खाली घातली. त्याची आई चार वर्षांपूर्वी गेली होती, हे सगुणबाबांना नंतर मनीषाकडून कळलं.

“च्या निवली. पियून घेवा,” तो एवढंच म्हणाला.

बसस्टॉपपर्यंत तो लंगडत सोबत आला. वही त्याने ठेवून घेतली होती, कात्रणं परत दिली होती. बस दिसू लागल्यावर तो म्हणाला, “येव नकात म्हणणंय नाय मी. केव्हाय येवा. पण कोडां घेवन येव नकात.”

डिचोलीला परतल्यावर सगुणबाबांनी कृष्णनाथबाबांना तीन पानी पत्र लिहिलं आणि कोडं बंद केलं. पुरवणीत शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, पाच ओळी आल्या: गेल्या वर्षभरात काटेकर यांच्या नावे प्रसिद्ध झालेली बेचाळीस सूत्रं मणेरीचे श्री. रामचंद्र धुरी यांची असून, चुकीबद्दल दिलगीर आहोत. सगुणबाबांना वाटलं होतं, बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. प्रत्यक्षात दोघातिघांनी विचारलं, एकाने नजर चुकवली, बाकीच्यांनी ते वाचलंच नव्हतं. शाल चंद्रावतीने पार्सल करून दैनिकाच्या कचेरीत पाठवून दिली. पाच ओळींचं कात्रण सगुणबाबांनी टपालाने मणेरीला पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही.

वर्षातून दोनदा ते जातात, एकदा काजूच्या दिवसांत आणि एकदा गणपतीची चवथ झाल्यावर. रामचंद्र त्यांना खुर्ची पुसून देतो. दोघं हत्तींबद्दल बोलतात, गुडघ्याबद्दल, मनीषाच्या अंगणवाडीतल्या नोकरीबद्दल. कधी बोलता बोलता सगुणबाबांच्या तोंडून दोन अर्थांचा एखादा शब्द निसटतो आणि ते चपापून समोर बघतात. रामचंद्र पुढचं बोलत असतो. त्याला तो ऐकू आला की नाही, हे त्यांना कळत नाही, आणि विचारायचा धीर होत नाही. यंदा त्याला बसस्टॉपपर्यंत चालवलं नाही. त्याने पायरीवरूनच हात वर केला. सगुणबाब बसमध्ये डाव्या बाजूला बसले, वळण येईपर्यंत ते घर तिथून दिसतं म्हणून.